बिल्ड रात्री फेल, सकाळी पास: स्टेप्सना नावं दिली तेव्हा सापडलेलं कारण

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी आम्ही तिघं मिळून कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. काट्यावर गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा, भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी, एवढा त्याचा पसारा. सर्व्हर पायथनमध्ये आहे, काट्यावरच्या पोरांसाठी अँड्रॉइड ॲप आहे, कोड गिटहबवर, आणि बिल्ड (कोड तपासून त्यातून ॲप बांधण्याचा सगळा क्रम) गिटहब ॲक्शन्स या त्यांच्याच सेवेतून आपोआप होतो. तिघांपैकी एक जण जिनिंगवरच असतो, एक आर्वीला, आणि मी गावात, घरून.

ज्यांचा बिल्ड कधी फेल होतो, कधी आपोआप पास होतो आणि लॉग वाचूनही काही हाती लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमचा या हंगामातला दीड महिना यात गेला. कोडमधली चूक चार ओळींची होती. ती सापडत नव्हती, कारण वर्कफ्लोच्या, म्हणजे बिल्डची कामं क्रमाने लिहिलेल्या फाइलीच्या, स्टेप्सना आम्ही नावंच दिली नव्हती.

काय दिसत होतं

आमच्या फीडरवर शेतीची थ्री फेज लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीची लाइन असली की बाबांसोबत हरभऱ्याच्या ओलिताला जावं लागतं. तिथून आल्यावर, बारा-एकच्या सुमारास, मी दिवसभराचं काम पुश करायचो, म्हणजे गिटहबवर चढवायचो. पुश झालं की दहा मिनिटांत बिल्ड लाल. सकाळी जिनिंगवरच्या आमच्या सहकाऱ्याचा मेसेज यायचा: ‘दादा, रातच्याला पुन्हा लाल झालं. काहून झालं, काही समजून नाही राहिलं.’ मी त्याला री-रन करायला सांगायचो. तोच कोड, तोच कमिट, आणि बिल्ड हिरवा.

फेल झालेला रन मोबाइलवर उघडला की स्टेप्सची यादी अशी दिसायची:

सेट अप जॉब
रन ॲक्शन्स/चेकआउट
रन ॲक्शन्स/सेटअप-पायथन
रन ॲक्शन्स/सेटअप-जावा
रन सीडी सर्व्हर
पोस्ट रन ॲक्शन्स/चेकआउट
कम्प्लीट जॉब

लाल फुली कायम ‘रन सीडी सर्व्हर’वर. सर्व्हर नावाच्या फोल्डरमध्ये जाणं, एवढंच ते नाव सांगतं. त्या एका स्टेपच्या पोटात अकरा कमांड होत्या: पॅकेज बसवणं, डेटाबेस तयार करणं, तीन प्रकारच्या चाचण्या, ग्रेडल या साधनाने ॲप बांधणं, साइनिंग म्हणजे ॲपवर डिजिटल सही करणं, सगळं. लॉग दोन हजार ओळींच्या वर जायचा. गावात लाइन गेली की नेटही मंदावतं, आणि मोबाइलवर एवढा लॉग खाली सरकवत बसणं म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई शोधणं.

हे नाव आलं कुठून तेही सांगतो, कारण अनेकांना ते माहीत नसतं. गिटहब ॲक्शन्समध्ये स्टेपला ‘नेम’ दिलं नाही तर ‘रन’ या शब्दापुढे तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ जोडून ते नाव म्हणून दाखवलं जातं. पहिली ओळ सीडीची असेल तर सीडी, एको असेल तर एको. सीडी सर्व्हरने सुरू होणाऱ्या तीन स्टेप्स असतील तर यादीत एकसारखी तीन नावं दिसतील.

आम्ही काय काय दोष दिले

आधी नेटला. रनर, म्हणजे बिल्ड चालवणारं गिटहबचं मशीन, पॅकेज उतरवताना अडकत असेल, असं समजून पुन्हा प्रयत्न करायची सोय केली. फरक शून्य.

मग ग्रेडलला. हा संशय मात्र साधार वाटत होता. लॉगच्या शेवटी ग्रेडलचा मजकूर असायचा, त्याखाली ‘बिल्ड सक्सेसफुल’, आणि लगेच त्याखाली ‘प्रोसेस कम्प्लिटेड विथ एक्झिट कोड १’. एक्झिट कोड शून्य नसला की फेल. म्हणजे बिल्ड सक्सेसफुल आणि तरी फेल! मग साइनिंगची किल्ली बदलून पाहिली, कॅश रिकामी केली, जावाची आवृत्ती बदलली. चार रात्री त्यात गेल्या.

खरी भानगड आम्हीच लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये होती. चाचणी पडली तरी ॲप बांधलं जावं, म्हणजे काट्यावरच्या पोरांना निदान तपासायला ॲप मिळेल, म्हणून प्रत्येक चाचणीची चूक एका व्हेरिएबलमध्ये साठवून पुढे जायचं आणि सगळ्यात शेवटी त्यावरून एक्झिट कोड द्यायचा, असं आम्ही केलं होतं. हेतू चांगला होता. पण त्यामुळे चूक लॉगच्या मधोमध पडायची आणि फेल मात्र शेवटी दिसायचं. एक्झिट कोड १ हा इतका सरसकट आकडा आहे की त्यावरून काहीच ओळखता येत नाही. १२७ असता तर कमांड सापडली नाही हे कळलं असतं. १३७ असता तर प्रोसेस बाहेरून मारली गेली, बहुधा मेमरी पुरली नाही, असा अंदाज बांधता आला असता.

स्टेप फोडली, तेव्हा आधी दुसरंच मोडलं

अकरा कमांड वेगवेगळ्या स्टेप्समध्ये वाटल्या आणि पहिल्याच रनला फाइल सापडत नसल्याची चूक आली. प्रत्येक रन स्टेप नव्या शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या नव्या प्रोग्राममध्ये, चालते. आधीच्या स्टेपमधली सीडी पुढच्या स्टेपमध्ये टिकत नाही, एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल टिकत नाही, पायथनचं ॲक्टिव्हेट केलेलं आभासी वातावरणही टिकत नाही. स्टेप फोडायला लोक कचरतात ते बहुतेक याचमुळे, आणि मग पुन्हा सगळं एकाच ढिगात टाकून मोकळे होतात. तसं करायची गरज नाही. फोल्डरसाठी स्टेपला ‘वर्किंग-डिरेक्टरी’ द्या. पुढच्या स्टेप्सना लागणारं व्हेरिएबल ‘गिटहब_एन्व्ह’ या व्हेरिएबलमध्ये जिचा पत्ता असतो त्या फाइलीत एका ओळीत लिहा, आणि पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) काही घालायचं असेल तर ‘गिटहब_पाथ’वाल्या फाइलीत. आभासी वातावरणाचं बिन फोल्डर तिथे एकदा टाकलं की पुढच्या स्टेप्सना पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागत नाही.

चाचणी पडली तरी ॲप बांधायचं, ही आमची गरज कायम होती. त्यासाठी व्हेरिएबलचा खटाटोप काढून टाकला आणि ॲपच्या स्टेपला ‘इफ’मध्ये ‘रन रद्द झालेला नसेल तर चालव’ अशी अट घातली, म्हणजे उद्गारचिन्ह लावलेलं ‘कॅन्सल्ड’. आता चाचणीची स्टेप लाल होते, ॲपची स्टेप तरी चालते, आणि जॉब, म्हणजे या सगळ्या स्टेप्सचा संच, शेवटी लालच राहतो. हवं होतं ते हेच.

फोडताना आणखी एक छुपी गोष्ट सापडली. एका चाचणीचं आउटपुट आम्ही पाइप लावून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देऊन, ‘टी’ कमांडने फाइलीतही लिहीत होतो. लिनक्स रनरवर शेल न सांगता स्टेप चालवली तर बॅश ‘-ई’सह (चूक आली की थांबणारा) चालतो, पण पाइपफेल (पाइपमधली एक कमांड पडली तरी सगळं फेल धरणारी सोय) चालू नसतं. पाइपच्या डाव्या बाजूची चाचणी पडली तरी उजव्या बाजूचा ‘टी’ यशस्वी, म्हणून स्टेप हिरवी. स्टेपमध्ये ‘शेल: बॅश’ असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल चालू होतं. ज्यांच्या वर्कफ्लोत पाइप आहे त्यांनी हे आजच तपासावं. फेल न होणारी चाचणी ही फेल होणाऱ्या चाचणीपेक्षा जास्त घातक आहे.

पहिली नावं पुरली नाहीत

पहिल्या खेपेला मी घाईत ‘सेटअप’, ‘टेस्ट १’, ‘टेस्ट २’, ‘टेस्ट ३’, ‘बिल्ड’ अशी नावं दिली. दोन दिवसांनी सहकाऱ्याचा फोन आला, टेस्ट २ लाल आहे. टेस्ट २ म्हणजे कोणती, हे मलाच फाइल उघडून पाहावं लागलं.

त्या दिवशी मी जिनिंगवर गेलो होतो. प्रेसमधून गाठ बाहेर पडली की पट्ट्या बसतात, गाठ काट्यावर जाते, आणि तिच्यावर लॉट नंबर, गाठीचा नंबर आणि वजन लिहिलं जातं. एक गाठ साधारण १७० किलोची. गोदामात अशा शेकडो गाठी थप्प्या लावून असतात आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. उद्या सूतगिरणीतून एखाद्या गाठीत कचरा जास्त निघाला म्हणून तक्रार आली, तर मुनीमजी वही उघडतात आणि ती गाठ कोणत्या लॉटमधली, त्या लॉटमध्ये कोणता कापूस पडला होता, हे बसल्या जागी सांगतात. गाठ पाहायलाही जावं लागत नाही. गाठीवर नुसतं ‘गाठ २’ लिहिलं असतं तर?

संध्याकाळी घरी येऊन नावं पुन्हा लिहिली. या वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारला: हे नाव रात्री एक वाजता मोबाइलवर लाल दिसलं, तर फाइल न उघडता कुठे बघायचं ते कळेल का? यादी अशी झाली:

सर्व्हर – पायथन पॅकेज बसवा
सर्व्हर – चाचणीचा डेटाबेस तयार करा
काटा – भरलेलं आणि रिकामं वजन यांची वजाबाकी तपासा
ओलावा – ८ ते १२ टक्क्यांमधली कपात तपासा
हिशोबपट्टी – तारीख आणि दिवसाची आवक तपासा
ॲप – ग्रेडलने एपीके बांधा
ॲप – साइनिंगची किल्ली उघडा
ॲप – एपीकेवर सही करा

ओलाव्याच्या नावात आकडे मुद्दाम ठेवले. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि १२च्या वर खरेदी नाही. नियम बदलला आणि ही स्टेप पडली, तर कारण नावातच वाचायला मिळेल.

मराठीत नावं चालतात का, असं आर्वीच्या मित्राने विचारलं. चालतात. वर्कफ्लोची फाइल यामल या पद्धतीत लिहितात, ती यूटीएफ-८ मध्ये असते आणि गिटहब देवनागरी नीट दाखवतो. आमच्यात हे नाव सगळ्यात आधी वाचतो तो जिनिंगवरचा मुलगा. त्याला ‘रन इंटिग्रेशन सूट’पेक्षा ‘दिवसाची आवक तपासा’ लगेच समजतं. बंधन फक्त ‘आयडी’ला आहे. आयडी म्हणजे दुसऱ्या स्टेपने या स्टेपचं आउटपुट मागण्यासाठीचं नाव. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. नेम माणसासाठी, आयडी यंत्रासाठी. नेम हवं तितक्या वेळा सुधारा, काही मोडत नाही. आयडी बदलला तर तो जिथे जिथे वापरला तिथे बदलावा लागतो.

मग रात्रीचं कोडं सुटलं

नावं दिल्यानंतर रात्रीच्या लाइनचा पहिला आठवडा आला. सोमवारी लाल: ‘हिशोबपट्टी – तारीख आणि दिवसाची आवक तपासा’. बुधवारी लाल, तीच. गुरुवारी पुन्हा तीच. ग्रेडल, साइनिंग, नेट, सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले.

आता वाचायला लॉगच्या चाळीसेक ओळी होत्या. चाचणी सांगत होती की आजच्या आवकेत १ पावती अपेक्षित होती, ० मिळाली. आणि त्या ओळीच्या सुरुवातीला वेळ होती १९:४०. मी तो रन रात्री १ वाजून १० मिनिटांनी सुरू केला होता.

रनरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत रनरवर अजून कालचीच तारीख असते. पावती लिहिताना आमचा कोड भारतीय वेळ वापरत होता, पण दिवसाची आवक मोजणाऱ्या फंक्शनमध्ये नुसतं ‘डेट डॉट टुडे’ होतं, म्हणजे ज्या मशीनवर चालेल तिची तारीख. आमच्या लॅपटॉपवर आणि जिनिंगच्या सर्व्हरवर भारतीय वेळच लावलेली, म्हणून तिथे कधीच फरक पडला नाही. रनरवर पडायचा, आणि तोही मध्यरात्रीनंतर पुश केलं तरच. ज्या आठवड्यात लाइन दिवसा असायची त्या आठवड्यात मी संध्याकाळीच पुश करायचो, म्हणून बिल्ड आपोआप सुधारल्यासारखा वाटायचा.

त्या स्टेपच्या एन्व्हमध्ये टाइम झोन ठरवणाऱ्या ‘टीझेड’ला ‘एशिया/कोलकाता’ दिलं असतं तरी बिल्ड हिरवा झाला असता. पण तो वरवरचा इलाज. उद्या सर्व्हर दुसरीकडे हलवला तर तीच चूक खऱ्या हिशोबपट्टीत शिरेल आणि कोणाची तरी आवक चुकीच्या दिवशी चढेल. म्हणून फंक्शनमध्येच पायथनच्या झोनइन्फोने भारतीय वेळ ठरवली, आणि घड्याळ रात्री १ वाजता गोठवून चालणारी एक नवी चाचणी लिहिली. तिला वेगळी स्टेप दिली: ‘हिशोबपट्टी – मध्यरात्रीनंतरची पावती त्याच दिवसात मोजली जाते का’. लांब नाव आहे. राहू द्या.

नावं देताना जिथे ठेच लागते

माझी पहिली चूक कोलनची. मी ‘सर्व्हर: पॅकेज बसवा’ असं लिहिलं होतं आणि वर्कफ्लो सुरूच झाला नाही. यामलमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेल्या मजकुरात कोलन आणि पुढे जागा आली की तिथे नवी किल्ली-किंमत जोडी सुरू झाली असं समजलं जातं, आणि फाइलच अवैध ठरते. एक तर पूर्ण नाव अवतरणात घ्या किंवा आमच्यासारखी मधली रेघ वापरा. हॅशचंही तसंच. जागा सोडून हॅश आला की पुढचं सगळं टिप्पणी म्हणून गळून जातं, तेही चूक न दाखवता. नाव अर्धंच दिसतं. चौकटी कंस, तारांकित चिन्ह किंवा ॲटच्या चिन्हाने नाव सुरू करायचं असेल तरी अवतरण लावा.

मॅट्रिक्स, म्हणजे एकच जॉब वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवण्याची सोय, वापरत असाल तर त्यातली किंमत नावात घाला, म्हणजे पायथनच्या कोणत्या आवृत्तीवर स्टेप पडली ते दिसेल. आणि ३.१० ही आवृत्ती अवतरणातच लिहा, नाहीतर यामल तिला संख्या समजून ३.१ करून टाकतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते जॉबच्या नावाला. स्टेप्सची नावं सुधारण्याच्या उत्साहात मी जॉबचं नावही बदललं, आणि दोन दिवस एकही पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) मर्ज होईना. सगळं हिरवं, पण एक तपासणी ‘रिपोर्ट येण्याची वाट पाहत आहे’ अशी पिवळी अडकलेली. कारण शाखेच्या संरक्षणाच्या नियमात सक्तीची तपासणी म्हणून जॉबचं जुनं नाव नोंदलेलं होतं आणि त्या नावाचा जॉब आता अस्तित्वातच नव्हता. जॉबचं नाव बदलायचंच असेल तर त्याच वेळी तो नियमही बदला. स्टेपच्या नावाशी त्या नियमाचा संबंध नाही, त्यामुळे तिथे मोकळेपणाने हात फिरवा.

अनेक स्टेप्स एका कंपोझिट ॲक्शनमध्ये गुंडाळल्या तर वर्कफ्लोच्या लॉगमध्ये त्या सगळ्या मिळून एकच स्टेप म्हणून दिसतात. एवढ्या कष्टाने दिलेली नावं यादीतून नाहीशी होतात. म्हणून चाचण्या आम्ही मूळ फाइलीतच ठेवल्या, फक्त तयारीचा भाग गुंडाळला. एखादी स्क्रिप्ट फोडणं खरंच शक्य नसेल तर तिच्या आत ‘ग्रुप’ आणि ‘एंडग्रुप’च्या ओळी एको करा, लॉगमध्ये नावासकट उघडझाप होणारे भाग तयार होतात.

गिटहब ॲक्शन्सऐवजी जेनकिन्सवर असाल तर ‘एसएच’ स्टेपला ‘लेबल’ देता येतं, ते द्या. गिटलॅबमध्ये नाव जॉबला असतं, त्यातल्या एकेका कमांडला नसतं, म्हणून तिथे फोड जॉबच्या पातळीवर करावी लागते.

नेट मंद असेल तर ब्राउझरमध्ये पूर्ण लॉग उघडण्याऐवजी गिटहबच्या कमांड लाइन साधनात ‘रन व्ह्यू’ला ‘लॉग-फेल्ड’ जोडा. फक्त पडलेल्या स्टेपचा लॉग येतो आणि प्रत्येक ओळीच्या आधी जॉबचं आणि स्टेपचं नाव असतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा रात्रीची लाइन होती. मी मोटारीजवळ होतो, तेवढ्यात फोन वाजला. ‘दादा, साइनिंगची किल्ली उघडा, हे लाल आहे. मी काल सीक्रेट मोबाइलवरून पेस्ट केलं होतं, बहुतेक शेवटचं अर्धं तुटलं. पुन्हा टाकून राहिलो.’ मी पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवेपर्यंत त्याचा मेसेज आला होता, बिल्ड हिरवा झाला म्हणून.